वेल्डिंगचा जोड का तडकतो?

एका कारखान्यात जोड तडकला आणि वेल्डरच्या हाती आरोपपत्र पडले. आम्ही चौकशीस गेलो, तेव्हा रॉड भाजण्याची भट्टी महिनाभर बंद असल्याचे आढळले. तिचा जोडाशी काय संबंध, हे समजून घेण्यासारखे आहे.

लोहार तांबडालाल विळा पाण्यात बुडवितो, त्याला आपण ‘पाणी देणे’ म्हणतो. त्याने धार कठीण होते. पण प्रमाण चुकले की विळा दगडावर आपटताच तुटतो. वेल्डिंगमध्येही असेच होते. जोडाची उष्णता भोवतालचा थंड, जाड पत्रा झपाट्याने ओढून घेतो, म्हणजे न सांगता पाणी दिले जाते. साधे पोलाद हे सोसते. उच्च ताकदीच्या पोलादात मात्र जोडालगतची पट्टी कठीण व ठिसूळ होते. उलट, उष्णता बेसुमार दिली तर पोलादाचे कण मोठे होतात व धक्का सोसण्याची शक्ती घटते. म्हणून जाड पत्रा आधी बेताने तापवितात आणि करंट व वेग ठरवून देतात.

तिसरा शत्रू ओलावा. रॉडच्या लेपातील ओलाव्यातून हायड्रोजन जोडात शिरतो आणि काम आटोपल्यावर एकदोन दिवसांनीही तडा पाडतो. यासाठी हे रॉड सुमारे 350 अंशांवर भाजतात व जोडाची तपासणी 48 तासांनी करतात. कार्बन डायऑक्साइड वायूच्या आवरणात तारेने जोडल्यास लेपाचा प्रश्न नसतो. पण वाऱ्याने वायू उडाला की जोडात छिद्रे राहतात. निर्दोष अशी पद्धत नाही. प्रत्येकीचे पथ्य निराळे.

मेलबर्नचा किंग्ज ब्रिज उच्च ताकदीच्या पोलादाचा होता. 1961 साली तो खुला झाला. 10 जुलै 1962 रोजी, थंडीच्या दिवसांत, 45 टनांचे वाहन जाताच त्याचे गर्डर तडकले. वेल्डिंगच्या टोकांशी बारीक तडे आधीपासूनच होते. पोलादाची निवड, जोडकाम आणि तपासणी, सगळीकडेच हयगय झाली होती.

1992 साली नौदलात दाखल झालेली ‘शल्की’ पाणबुडी मुंबईच्या माझगाव गोदीत बांधली गेली. समुद्राचा दाब सोसणारे तिचे पोलादी कवच वेल्डिंगनेच सांधलेले आहे. तेव्हा आमच्या कामगारांच्या हातांत कसब नाही, असे कोणी म्हणू नये. त्या हातांना कोरडा रॉड आणि पत्रा तापविण्यापुरता वेळ मिळाला पाहिजे. तो न देता आरोपपत्र देणे हा न्याय नव्हे.