तीन तळी आणि एकच दुखणे

वाशीम जिल्ह्याला नदी नाही असे म्हटले, तर तिथला माणूस लगेच हरकत घेईल आणि ती रास्तच असेल. पैनगंगा रिसोडकडून जाते. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती तर याच पठारावर उगम पावतात. पण उगमच. काटेपूर्णा उत्तरेला उतरून पूर्णेला आणि पुढे तापीला मिळते. अडाण-अरुणावतीचे पाणी पैनगंगेमार्गे गोदावरीत जाते. म्हणजे हा जिल्हा दोन खोऱ्यांच्या मधला आढा. पाऊस इथे पडतो, नदी मात्र मोठी होते ती दुसऱ्यांच्या शिवारात. अशा मुलखात गाव वसवायचे तर पाणी अडवून, साठवून ठेवण्यावाचून गत्यंतर नव्हते. म्हणूनच वाशीमची सहल किल्ल्यांची किंवा घाटांची होत नाही, तळ्यांची होते.

सुरुवात अर्थात वाशीम शहरापासून. शहराच्या उत्तरेला पद्मतीर्थ आहे. परंपरा सांगते की वत्स ऋषींच्या तपासाठी इथे देव गोळा झाले आणि प्रत्येकाने आपापले तीर्थ निर्माण केले. त्या तीर्थांची संख्या 108 मोजतात, पद्मतीर्थ विष्णूचे. दुसरी कथा इंग्रजांच्या काळातल्या गॅझेटियरमध्येही नोंदली आहे: वासुकी नावाच्या राजाला कुष्ठ झाले होते, गावाबाहेरच्या एका डबक्यात स्नान केल्यावर तो बरा झाला आणि त्याने त्या डबक्याचे मोठे तळे करून घेतले. ही कथा लक्षात ठेवावी, पुढे ती पुन्हा भेटणार आहे.

वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म, वाकाटकांच्या एका शाखेची राजधानी. ही शाखा इतिहासाला उशिरा गवसली. अजिंठ्याच्या 16 व्या लेण्यातील शिलालेखात तिची वंशावळ होती. पण आरंभीच्या वाचनात सर्वसेन हे मूळ पुरुषाचे नाव निसटले. 1939 मध्ये वाशीमलाच ताम्रपट सापडला आणि चित्र पालटले. दुसऱ्या विंध्यशक्तीने आपल्या राज्याच्या 37 व्या वर्षी वत्सगुल्माहून हे दानपत्र दिले होते. वंशावळ संस्कृतात, दानाचा तपशील प्राकृतात. त्यातून सर्वसेन पक्का झाला आणि वा. वि. मिराशींनी अजिंठ्याचा लेख नव्याने लावला. हा सर्वसेन स्वतः कवी होता. त्याचे ‘हरिविजय’ हे प्राकृत काव्य आज हरवले आहे, पण आनंदवर्धनासारख्या चोखंदळ टीकाकाराने त्याची दखल घेतली. राजशेखराने तर काव्यपुरुष आणि साहित्यविद्या यांचे लग्न वत्सगुल्मातच लावून दिले! कामसूत्रातही या गावाचा उल्लेख आहे. मात्र तो राजवाड्यातल्या अशा काही रीतीसंबंधी आहे, की दिवाळी अंकात त्याचा तपशील न दिलेला बरा.

आणखी एक मान या गावाकडे होता. लंकेपासून मेरूपर्यंत कल्पिलेल्या भारतीय मध्यरेषेवरच्या गावांत सातव्या शतकातल्या पहिल्या भास्कर या गणितज्ञाने वत्सगुल्माचे नाव घेतले आहे. ही रेषा उज्जैनवरून जाते असे मानत; प्रत्यक्षात वाशीम उज्जैनच्या रेखांशापासून सुमारे सव्वा अंश पूर्वेला आहे. गणित थोडे चुकले असेल, अभिमान मात्र टिकला. मध्यमेश्वराचे मंदिर गावात आजही त्या रेषेची आठवण सांगते.

बालाजीचे मंदिर या सगळ्यापुढे कालचे म्हणावे इतके नवे. नागपूरकर भोसल्यांच्या पदरी असलेल्या भवानी काळू यांनी ते 1779 च्या सुमारास पूर्ण केले. मंदिराबरोबर त्यांनी देवतळेही बांधले, हे मला जास्त महत्त्वाचे वाटते. देऊळ आणि पाणी हा एकच खर्च, एकच पुण्य. आश्विनात बालाजीची यात्रा भरते.

कारंजा लाडला गेलो की तीच कथा वेगळ्या नावाने भेटते. करंज ऋषींना दुर्धर रोग जडला, त्यांनी अंबेची आराधना केली, देवीने तळे निर्माण केले, त्यात स्नान करून ऋषी बरे झाले. तेच ऋषी तलाव. कारंजा नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान असल्याने दत्तभक्तांची पावले इकडे वळतात. आजच्या गुरुमंदिराची स्थापना 1934 ची. दिल्ली, दारव्हा, मंगरूळ आणि पोहा या दिशांच्या चार वेशींचे हे गाव एके काळी श्रीमंत व्यापाऱ्यांचे होते. इथल्या एका हवेलीच्या चुन्यात कस्तुरी कालवली होती, अशी आख्यायिका आहे. माझ्या मते कारंज्याची खरी कस्तुरी जैन मंदिरांतल्या हस्तलिखितांत होती. हिरालाल जैन यांनी इथल्या पोथ्यांवर काम केले आणि 1930 च्या दशकात कारंजा जैन ग्रंथमालेतून अपभ्रंश काव्ये छापून निघाली. मराठीच्या आधीची भाषा अभ्यासणाऱ्यांचे या काव्यांशिवाय भागत नाही.

तिसरे पाणी मालेगाव तालुक्यातल्या शिरपूरचे. एलिचपूरच्या एल राजाने इथल्या डोहात हातपाय धुतले आणि तेवढ्या भागावरचे कुष्ठ गेले. मग राजाला दृष्टान्त होऊन पार्श्वनाथांची मूर्ती सापडली. मागे वळून न पाहता ती गाडीतून न्यायची होती. राजाने वळून पाहिले, गाडी पुढे गेली आणि मूर्ती अधांतरी राहिली. हेच अंतरिक्ष पार्श्वनाथ. दिगंबर-श्वेतांबर वादापायी 1981 पासून मंदिर बंद होते. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशानंतर 2023 मध्ये ते उघडले.

एकाच जिल्ह्यात वासुकी, करंज आणि एल. दोन राजे, एक ऋषी आणि दुखणे एकच. हा योगायोग नव्हे आणि वाशीमची मक्तेदारीही नव्हे. ग्वाल्हेरचा सूरजसेन असाच एका साधूने दिलेल्या पाण्याने बरा झाला. इंग्लंडमधल्या बाथ गावाचा ब्लॅडड राजपुत्र तर आपल्या डुकरांबरोबर चिखलात लोळून बरा झाला म्हणतात. बाथच्या उष्ण झऱ्यांवर रोमनांनी स्नानगृहे उभारली, पुढे हवापालटाचे शहर वाढले आणि 1987 मध्ये ते जागतिक वारसा ठरले. वासुकीची आणि ब्लॅडडची कथा जवळजवळ एकच; फरक पडला तो पुढच्या पिढ्यांनी पाण्याची राखण कशी केली, यात.

मला या कथांमध्ये औषधापेक्षा हिशेब जास्त दिसतो. रोग बरा झाला की नाही हे कोणी सांगू शकत नाही, पण तळे खोदले गेले हे दिसतेच आहे. खर्च कोणी केला, का केला आणि पुढच्यांनी हे पाणी घाण का करू नये, एवढे सगळे एका कथेत बसते. गंमत अशी की ज्या पाण्याचा गुणधर्म खरोखर वेगळा, ते लोणार शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यात आहे. उल्काघाताने बेसाल्टात पडलेले सुमारे 1.8 किलोमीटर व्यासाचे ते विवर, त्यातले क्षारयुक्त पाणी 2020 च्या जूनमध्ये गुलाबी झाले आणि त्याच वर्षी सरोवराला रामसर दर्जा मिळाला. पण तिथली मुख्य कथा आरोग्याची नाही, लवणासुराच्या वधाची आहे.

वेळ असेल तर मानोरा तालुक्यातली पोहरादेवी चुकवू नये. संत सेवालाल महाराजांमुळे ती बंजारा समाजाची काशी आहे आणि ऑक्टोबर 2024 मध्ये तिथे बंजारा विरासत संग्रहालयही सुरू झाले. काळवीट पाहायचे असतील तर कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे.

समृद्धी महामार्ग याच जिल्ह्यातून जातो. नागपूरहून शिर्डीला निघालेली गाडी वाशीम जिल्हा कधी आला नि कधी गेला हे कळायच्या आत पुढे जाते. तेव्हा या दिवाळीत त्या वाटेने जाणार असाल, तर कारंज्याला किंवा शेलूबाजारला खाली उतरा. पावसाळा नुकताच सरलेला असतो, तळी भरलेली असतात. काठावर निर्माल्य टाकू नका, आणि जमले तर नगरपालिकेला एक पत्र लिहा की आम्ही मुद्दाम तळे पाहायला आलो होतो.