नोकरीचा कागद आणि जागेची गरज : साडेसहा दशकांचा मागोवा

एखाद्या जागेसाठी अर्ज करताना आपला सीव्ही, म्हणजे शिक्षण, अनुभव आणि कौशल्ये थोडक्यात मांडणारा कागद, त्या जागेची गरज वाचून नव्याने बेतायचा असतो, ही समज महाराष्ट्रातल्या सुशिक्षित वर्गात रुळायला फार काळ लागला. त्याचा दोष उमेदवारांच्या आळसाला देण्याची रीत आहे, पण ती अन्यायाची आहे. कारण स्वातंत्र्यानंतर भरतीची जी यंत्रणा उभी राहिली, तिने अर्जदाराला स्वतःविषयी काही निवडून सांगण्याची मुभाच अनेक वर्षे दिली नव्हती, आणि ज्या पिढ्या रकाने भरत वाढल्या त्यांच्याकडून पुढे एकाएकी निवडीची अपेक्षा केली गेली.

दुसरे महायुद्ध संपल्यावर सैन्यातून मोकळ्या झालेल्यांना काम मिळवून देण्यासाठी १९४५ मध्ये सुरू झालेली सेवायोजन कार्यालये, म्हणजे लोकांच्या बोलण्यातली एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज, १९५६ मध्ये राज्यांच्या ताब्यात आली. त्यानंतर १९५९ मध्ये रिक्त जागा या कार्यालयांना कळवणे बंधनकारक करणारा कायदा झाला आणि तो १ मे १९६० रोजी, म्हणजे महाराष्ट्र राज्य ज्या दिवशी अस्तित्वात आले त्याच दिवशी, अमलात आला. खासगी क्षेत्रात पंचवीस किंवा त्याहून अधिक माणसे कामाला असलेल्या आस्थापनांना तो लागू होता. मात्र त्याने जागा कळवण्याचे बंधन घातले होते, कार्यालयाने पाठवलेल्याच उमेदवाराला घेण्याचे नव्हे. नाव नोंदवायला आलेल्या तरुणाची माहिती तिथे एका कार्डावर उतरवली जाई आणि देशातल्या व्यवसायांची वर्गवारी करणाऱ्या सूचीतला एक सांकेतिक क्रमांक त्याला मिळे. जागा आली की त्या क्रमांकाची कार्डे काढली जात, नोंदणीची ज्येष्ठता पाहिली जाई आणि नावे पाठवली जात. या पद्धतीत एक न्याय निश्चित होता: वशिला नसलेल्या, शहरात कोणी ओळखीचे नसलेल्या मुलालाही रांगेत हक्काची जागा होती, आणि घरी आलेल्या कॉलच्या कागदावर अनेक कुटुंबांचे दिवस पालटले. परंतु ज्या मुलाने हिशेबाच्या वह्याही लिहिल्या होत्या आणि गोदामातला मालही सांभाळला होता, त्याने या जागेसाठी पहिली गोष्ट पुढे करावी आणि त्या जागेसाठी दुसरी, याला कार्डावर वाव नव्हता.

खासगी नोकरीचा रस्ता वर्तमानपत्रातल्या जाहिरातींतून जात असे, आणि तिथे वाव असायला हवा होता. पण तिथेही दोन अडथळे होते. पहिला अडथळा साधनांचा. गोदरेज अँड बॉइसने १९५५ मध्ये देशी बनावटीचा टाइपरायटर आणला आणि पुढे गावोगावी टंकलेखनाचे वर्ग निघाले, तरी स्वतःचे यंत्र घरात असणे ही मध्यमवर्गालाही परवडणारी गोष्ट नव्हती. बायोडाटा टाइप करून घ्यायचा तर पानामागे पैसे मोजावे लागत, म्हणून एकदाच नीट टाइप करून त्याच्या कार्बन प्रती आणि पुढे झेरॉक्स काढून ठेवल्या जात, आणि दर अर्जाला बदलायची ती फक्त वरची चिठ्ठी. कित्येक जाहिराती तर अर्ज स्वहस्ताक्षरात मागवीत, म्हणजे मजकुराइतकेच वळणदार अक्षरही पारखले जाई. दुसरा अडथळा बॉक्स नंबरचा. कंपनीचे नाव न छापता वर्तमानपत्राच्या कचेरीतला एक पेटी-क्रमांक देऊन अर्ज मागवण्याची पद्धत सर्रास होती, आणि समोर रंगाचा कारखाना आहे की औषधांचा हेच ज्याला ठाऊक नाही, त्याने त्या जागेला साजेसे काय लिहावे? साहजिकच बायोडाटा सर्वांसाठी एकच राहिला: नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख, धर्म, जात, मातृभाषा, वैवाहिक स्थिती, परीक्षा आणि टक्केवारी, छंद, आणि शेवटी वरील माहिती खरी असल्याची ग्वाही. लग्नाच्या स्थळासाठी पाठवायचा कागद जवळपास असाच असे. दोन्हींत माणसाचे कूळ आणि वागणूक यांची हमी मागितली जात होती. तो प्रत्यक्ष कोणते काम किती चांगले करतो हा प्रश्न मुलाखतीवर सोडलेला होता. सोबत राजपत्रित अधिकाऱ्याच्या सहीशिक्क्याच्या सत्यप्रती जोडाव्या लागत, त्यामुळे खऱ्या-खोट्याचा भार उमेदवाराच्या शब्दावर नव्हे, तर शिक्क्यावर होता.

हे चित्र विसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात झपाट्याने पालटले. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर खासगी नोकऱ्यांचा पसारा वाढला. १९९६ मध्ये आंध्र प्रदेशातल्या मलकापट्टणम इथल्या अबकारी अधीक्षकांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने, सेवायोजन कार्यालयाने पाठवलेल्या नावांपुरती निवड मर्यादित न ठेवता जाहिरात देऊन इतरांनाही संधी द्यावी, अशी भूमिका घेतली. पुढच्याच वर्षी नोकरी डॉट कॉम सुरू झाले. वरवर पाहता संकेतस्थळ म्हणजे जाहिरातींचे नवे पान एवढेच वाटे. खरा बदल मात्र उलट्या बाजूने झाला होता. पूर्वी उमेदवार जाहिरात शोधीत असे, आता भरती करणारा माणूस हजारो उमेदवारांच्या साठ्यात शब्द टाकून शोधू लागला, आणि कागदावर तो शब्द नसेल तर त्यामागचे कौशल्य असूनही नसल्यासारखे झाले. सायबर कॅफेत तासावर पैसे भरून सीव्ही अपलोड करणाऱ्या मुलांना हे कोणी समजावून सांगितले नव्हते.

त्याच सुमारास अर्ज साठवणाऱ्या आणि चाळणाऱ्या संगणक प्रणाली जगभर पसरल्या. इंग्रजी आद्याक्षरांवरून त्यांना एटीएस म्हणतात. या प्रणाली सीव्हीचा मजकूर वाचून त्याचे तुकडे पाडतात, म्हणजे नाव, पदवी, कंपनी, तारखा आणि कौशल्ये आपापल्या रकान्यांत बसवतात. दोन स्तंभांची नक्षीदार मांडणी, चित्राच्या रूपात टाकलेला मजकूर किंवा तक्त्यात कोंबलेला अनुभव त्यांच्याकडून अनेकदा चुकीचा वाचला जातो. एवढी साधी तांत्रिक गोष्ट होती, पण तिच्याभोवती भीतीचा बाजार उभा राहिला. जाहिरातीतले शब्द जसेच्या तसे उचलून सीव्हीत पेरावेत, इतकेच नव्हे तर पांढऱ्या अक्षरांत लिहून ते माणसाच्या नजरेआड ठेवावेत, असले सल्ले फिरू लागले, आणि जागेला अनुरूप सीव्ही करणे म्हणजे यंत्राला फसवणे असा समज अनेक तरुणांच्या मनात घर करून बसला. या सगळ्या काळातली ही सर्वांत खेदाची गोष्ट म्हणावी लागेल, कारण उमेदवाराच्या हाती पहिल्यांदाच आलेली निवडीची मोकळीक या समजाने नकलेत घालवली.

अनुरूप करणे म्हणजे नेमके काय, हे उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. यंत्र अभियांत्रिकीची पदविका घेतलेला एक तरुण चाकणच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात तीन वर्षे गुणवत्ता विभागात आहे, अशी कल्पना करावी. त्याच्या नेहमीच्या सीव्हीत एकच ओळ असते: गुणवत्ता तपासणीचे काम पाहिले. आता त्याच्यासमोर दोन जाहिराती आहेत. पहिली मोटारी बनवणाऱ्या कंपनीची असून तिला पुरवठादारांच्या गुणवत्तेवर लक्ष ठेवणारा माणूस हवा आहे. दुसरी मापनाची उपकरणे विकणाऱ्या कंपनीची असून तिला ग्राहकांच्या कारखान्यात जाऊन उपकरण लावून देणारा आणि ते शिकवणारा माणूस हवा आहे. पहिल्या अर्जात त्याने पीपॅपची कागदपत्रे तयार केल्याचे, म्हणजे नवा भाग नियमित उत्पादनात घेण्याआधी ग्राहकाची मंजुरी मिळवण्याच्या पद्धतीचे काम, वर आणायला हवे. त्याखाली ग्राहकाच्या तक्रारींवर लिहिलेले एट-डी अहवाल, म्हणजे दोषाचे मूळ शोधून तो पुन्हा होऊ नये यासाठी टप्प्याटप्प्याने करायची मांडणी, आणि वाहन उद्योगाच्या आयएटीएफ १६९४९ या गुणवत्ता मानकानुसार झालेल्या ऑडिटच्या वेळी सांभाळलेली जबाबदारी यावी. दुसऱ्या अर्जात हेच अहवाल एका ओळीत आटोपून, व्हर्नियर आणि मायक्रोमीटरपासून सीएमएमपर्यंत, म्हणजे भागाला बिंदूबिंदूला स्पर्श करून तिन्ही अक्षांवर मापे घेणाऱ्या यंत्रापर्यंत, कोणती साधने हाताळली, पाळीवरच्या ऑपरेटरना मापे घ्यायला कशी शिकवली आणि ग्राहकाच्या आवारात उभे राहून वादातले माप कसे पडताळून दाखवले, हे आधी यायला हवे. दोन्ही कागद खरे आहेत आणि दोन्हींतली तीन वर्षे तीच आहेत. बदलला आहे तो क्रम, तपशिलाची खोली आणि कोणती गोष्ट गाळायची याचा निर्णय.

गाळण्याचा निर्णय या सगळ्यात कठीण असतो. मराठी घरांत मिळालेले प्रत्येक प्रमाणपत्र जपून फाइलमध्ये लावायची सवय असते, आणि त्या फाइलीमागे आईवडिलांचे कष्ट असतात. त्यामुळे टंकलेखनाची परीक्षा, एमएससीआयटी हा संगणकाचा अभ्यासक्रम आणि महाविद्यालयातल्या वक्तृत्व स्पर्धेतले पारितोषिक यांपैकी काहीही वगळणे उमेदवाराला स्वतःला कमी करून घेण्यासारखे वाटते. तरीही वाचणाऱ्याच्या हाती थोडाच वेळ असतो, आणि कागदावर सगळेच सारख्या आवाजात बोलू लागले की महत्त्वाचे ते ऐकू येत नाही.

निवडून सांगणे आणि खोटे सांगणे यांच्यातली रेषा या काळात अनेकांनी ओलांडली, हेही नोंदवायला हवे. माहिती तंत्रज्ञानाच्या भरभराटीत पैसे घेऊन अनुभवाचे दाखले देणारी दुकाने निघाली. नॅसकॉम या उद्योगसंघटनेने २००६ मध्ये राष्ट्रीय कौशल्य नोंदवही सुरू केली, ती कर्मचाऱ्यांची माहिती पडताळून ठेवण्याच्या गरजेतूनच. २०१४ पासून भविष्यनिर्वाह निधीच्या खातेदाराला नोकरी बदलली तरी कायम राहणारा एकच क्रमांक मिळू लागला, आणि कोणत्या कंपनीत कोणत्या महिन्यापर्यंत काम केले हे त्या नोंदीवरून तपासता येऊ लागले. राजपत्रित अधिकाऱ्याचा शिक्का मागे पडून स्वसाक्षांकन आले, तसा शब्दाचा भार उमेदवाराच्या खांद्यावर आला, आणि तो पेलायचा असेल तर नेमकेपणाला पर्याय उरला नाही.

मात्र कागद कितीही नेटका बेतला तरी सगळे दरवाजे उघडत नाहीत, आणि हे न सांगता उमेदवारांना नुसते उपदेश करत राहणे अप्रामाणिकपणाचे ठरेल. सुखदेव थोरात आणि पॉल ॲटवेल यांचा एक अभ्यास २००७ मध्ये मुंबईहून निघणाऱ्या इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली या साप्ताहिकात प्रसिद्ध झाला. त्यांनी खासगी कंपन्यांच्या वर्तमानपत्री जाहिरातींना समान पात्रतेचे अर्ज पाठवले. फरक ठेवला तो नावांत, म्हणजे काही नावे उच्चवर्णीय हिंदू, काही दलित आणि काही मुस्लीम असल्याचे सहज ओळखू येईल अशी. पुढच्या फेरीसाठी बोलावणे येण्याचे शक्यता-गुणोत्तर उच्चवर्णीय नावाच्या तुलनेत दलित नावासाठी ०.६७ आणि मुस्लीम नावासाठी ०.३३ निघाले. कागदावरचा अनुभव वाचला जाण्याआधी आडनाव वाचले जात होते. बायोडाट्यातून धर्म आणि जात यांचे रकाने गळाले, पण जिथे आडनावावरून तालुका आणि जात ताडण्याची सवय पिढ्यान्‌पिढ्यांची आहे, तिथे रकाना गळाल्याने फारसा फरक पडत नाही. यंत्राकडे निवड सोपवली की पक्षपात संपेल ही आशाही फोल ठरली: ॲमेझॉनने प्रयोगादाखल बनवलेली प्रणाली आधीच्या दहा वर्षांतल्या, बहुतांशी पुरुषांच्या, अर्जांवरून शिकली आणि स्त्रियांशी संबंधित शब्द असलेल्या सीव्हींना कमी लेखू लागली, म्हणून कंपनीने ती सोडून दिली, असे वृत्त २०१८ मध्ये रॉयटर्सने दिले.

३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी सर्वांसाठी खुले झाल्यावर या इतिहासाला आणखी एक वळण लागले. ज्या कामासाठी संध्याकाळ खर्ची पडे, ते आता काही सेकंदांत होते: जाहिरात आणि जुना सीव्ही यंत्रापुढे ठेवला की जाहिरातीच्याच भाषेत बोलणारा नवा सीव्ही तयार. ज्याला इंग्रजीत दोन सफाईदार वाक्ये लिहिताना घाम फुटतो, अशा ग्रामीण महाविद्यालयातल्या मुलाला याचा मोठा आधार आहे, आणि तो कमी लेखण्याचे कारण नाही; भाषेच्या जोरावर पुढे जाणाऱ्यांची जुनी मक्तेदारी त्याने थोडी तरी सैल केली. परंतु एकाच जागेला आलेले शेकडो सीव्ही एकाच जाहिरातीचे प्रतिध्वनी असतील, तर ज्यात पाळीचा, यंत्राचा, वादातल्या मापाचा तपशील आहे तोच वेगळा दिसणार, आणि तो तपशील उमेदवाराने पुरवल्याशिवाय यंत्राकडे येणार कुठून?

महाविद्यालयांच्या प्लेसमेंट विभागांत मात्र आजही आधीच्या तुकडीची फाइल नव्या तुकडीच्या हाती पडते, नावे आणि टक्के बदलले जातात, आणि आव्हानात्मक वातावरणात काम करून संस्थेच्या प्रगतीला हातभार लावण्याचे तेच उद्दिष्ट शंभर कागदांच्या माथ्यावर छापले जाते. पुण्या-मुंबईतल्या मुलाच्या घरात किंवा शेजारी कोणीतरी कंपनीत काम केलेले असते, ते त्याचा कागद वाचून दोन ओळी खोडतात. बुलढाणा किंवा नंदुरबारच्या मुलाला तो खोडणारा माणूस मिळत नाही. ही उणीव भरून काढायला मोठ्या योजनेची गरज नाही. शेवटच्या वर्षाच्या वेळापत्रकात काही तासिका राखून, खऱ्या जाहिराती वर्गात ओळीने वाचाव्यात, प्रत्येक ओळीमागे मालकाची कोणती अडचण आहे ते शोधावे, आणि मग प्रत्येक विद्यार्थ्याकडून दोन वेगळ्या जागांसाठी दोन कागद लिहून घेऊन ते शिक्षकाने पेन हातात घेऊन तपासावेत, एवढ्याने सुरुवात होऊ शकते.