छप्पर दिसते, काम दिसत नाही

लंडनच्या पश्चिमेला, बर्कशर परगण्यात ब्रॅकनेल हे शहर आहे. त्याच्या नैर्ऋत्येला, क्राउथर्न गावाला लागून असलेल्या जागेची जुनी हवाई छायाचित्रे पाहिली, तर पाइनच्या जंगलात डांबरी रस्त्यांचे एक चमत्कारिक जाळे दिसते. रस्ते ऐसपैस आणि वळणे मोठी आहेत, मधोमध डांबराचे विस्तीर्ण मैदानही आहे. पण यातला एकही मुख्य रस्ता कुठल्या गावाला जात नाही, सगळे फिरून आपल्याच जागी येतात. विमानतळ म्हणावे तर धावपट्टी नाही, शर्यतीचे मैदान म्हणावे तर प्रेक्षकांसाठी सज्जे नाहीत. लष्करी तळाची शंका येणारच. प्रत्यक्षात ही ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेची चाचणीची जागा होती. ही संस्था १९६०च्या दशकात इथे आली. चौकातल्या छोट्याशा ठिपक्याभोवती वाहने वळवणारा ‘मिनी राउंडअबाउट’ विकसित करणारे अभियंते फ्रँक ब्लॅकमोर याच संस्थेतले. आज त्या रस्त्यांच्या जागी घरांची वसाहत उभी राहिली आहे.

या उदाहरणातली खरी अडचण चित्राच्या धूसरपणाची नाही. डांबराच्या कडा पुरेशा स्पष्ट आहेत. अडचण अशी की, वरून आकार कळतो आणि आपण त्यावरून कामाचा अंदाज बांधतो. आकार आणि काम यांचे नाते मात्र फार सैल असते. ब्रॅकनेलमध्येच याचा उलटा पुरावा मिळतो. ब्रिटनच्या हवामान खात्याचे, म्हणजे मेट ऑफिसचे, मुख्यालय १९६१पासून २००३पर्यंत या शहरात होते. नोव्हेंबर १९६५मध्ये संगणकाने गणित करून काढलेले दैनंदिन हवामान अंदाज इथूनच सुरू झाले. हवामानशास्त्राच्या इतिहासात एवढे मोलाचे काम जिथे झाले, त्या इमारतीचे छप्पर एखाद्या विमा कंपनीच्या कचेरीवरही शोभले असते. विचित्र आकार दिसला की आपण थबकतो आणि सरळसोट चौकोनावरून नजर पुढे नेतो. त्यामुळे ‘गूढ’ इमारतींची आपली यादी मुळातच एकांगी होते.

मग ओळख पटवायची कशी? पहिला आधार सावलीचा. ब्रॅकनेलमधला पॉइंट रॉयल हा षट्कोनी निवासी मनोरा १९६०च्या दशकाच्या पूर्वार्धातला. डोक्यावरून घेतलेल्या छायाचित्रात तो निव्वळ एक षट्कोन आहे. बुटकी टाकी की उंच इमारत, हे त्यावरून ठरत नाही. सावली ते ठरवते. ब्रॅकनेलचे अक्षांश सुमारे ५१.४ अंश. तिथे २१ जूनच्या माध्यान्ही सूर्य क्षितिजापासून ६२ अंश वर असतो, म्हणून ५० मीटर उंचीच्या इमारतीची सावली अवघी २७ मीटर पडते. २१ डिसेंबरला तोच सूर्य १५ अंशांवर येतो आणि सावली १८० मीटरच्या पुढे जाते. म्हणजे छायाचित्राची तारीख आणि वेळ ठाऊक असेल, तर शाळेतल्या त्रिकोणमितीवर उंची निघते. तारीखच माहीत नसेल, तर त्याच चित्रातल्या एखाद्या ओळखीच्या इमारतीच्या सावलीशी तुलना करावी लागते.

दुसरा आधार शेजाराचा, आणि तो मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ब्रॅकनेलच्या उत्तरेला, थेम्सकाठच्या मेडमनम इथे दुसऱ्या महायुद्धात हवाई छायाचित्रे वाचणाऱ्यांचे मोठे केंद्र होते. १९४३च्या शरद ऋतूत तिथल्या लोकांपुढे उत्तर फ्रान्समधल्या काही इमारती आल्या. लांबट, अरुंद आणि एका टोकाला वळलेल्या. आडव्या ठेवलेल्या स्कीसारख्या दिसतात म्हणून या जागांचे नाव ‘स्की साइट’ पडले, पण नावाने काही उलगडले नाही. उलगडा झाला तो तुलनेतून. अशा जागा एकामागून एक सापडत गेल्या, त्यांतली बांधकामे तीच होती आणि बहुतेक ठिकाणच्या एका उताराचा रोख लंडनकडे होता. पुढे कॉन्स्टन्स बॅबिंग्टन स्मिथ यांना बाल्टिक किनाऱ्यावरील पेनेमुंडे परिसराच्या २८ नोव्हेंबरच्या छायाचित्रात तशाच उतारावर एक चिमुकले विमान दिसले. ते व्ही-१ हे उडते अस्त्र होते. पहिल्या स्की साइटकडे कॅमेरा वळला, तोही फ्रेंच हेरांनी जमिनीवरून पाठवलेल्या माहितीमुळे, हे विसरता कामा नये.

यावर कोणी म्हणेल की, तो काळ भिंगांचा होता. आता व्यावसायिक उपग्रह जमिनीवरची ३० सेंटीमीटरची वस्तूही टिपतात, शहरांची कित्येक चित्रे तर विमानातून घेतलेली आणि त्याहून स्पष्ट असतात. जोडीला कृत्रिम बुद्धिमत्ता आहे. मग कोडे उरतेच कुठे? आक्षेप वजनदार आहे. गूगलने ‘ओपन बिल्डिंग्ज’ या संग्रहात यंत्राकरवी १८० कोटी इमारतींच्या बाह्यरेषा आखल्या, त्यांत भारतही आहे. हे काम माणसांच्या हातून झाले नसते. पण त्या संग्रहात इमारत कुठे आहे आणि किती जागा व्यापते एवढेच मिळते. ती शाळा की गोदाम, हे मिळत नाही, कारण ते चित्रातच नसते. नारायणगावजवळच्या खोडदची महाकाय रेडिओ दुर्बीण याची साक्ष देते. तिथली ४५ मीटर व्यासाची एकच तबकडी शेतांच्या मधोमध कितीही मोठी करून पाहिली, तरी तिचा उद्देश पुरता कळायचा नाही. नकाशा लहान करावा, तिच्यासारख्या तीसही तबकड्या टिपाव्यात, मग मध्यभागी चौदांचा पुंजका आणि सुमारे २५ किलोमीटरमध्ये पसरलेल्या वाय आकाराच्या तीन भुजा समोर येतात. अशी मांडणी खगोलशास्त्रज्ञाला लगेच ओळखू येते. म्हणजे उत्तर मिळाले ते नजर मागे घेतल्यावर.

दुसरा आक्षेप याच्या उलट टोकाचा. जमिनीवरची माहिती शेवटी लागणारच असेल, तर वरून बघण्याला अर्थ काय? अर्थ आहे, कारण काही प्रश्न वरूनच सुचतात. हवाई छायाचित्रांतून पुरातत्त्वाचा शोध घेण्याचा पाया ज्यांनी भक्कम केला, ते ओ. जी. एस. क्रॉफर्ड १८८६मध्ये मुंबईत, ब्रीच कँडीला जन्मले. ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशासंस्थेचे ते पहिले पुरातत्त्व अधिकारी. नांगरटीखाली गडप झालेल्या जुन्या बांधांच्या रेषा पायी चालणाऱ्याला जाणवत नाहीत, विमानातून त्या उमटतात, हे त्यांनी दाखवले. ब्रॅकनेलच्या दक्षिणेच्या जंगलातला ‘सीझर्स कॅम्प’ हा लोहयुगीन कोटही तसाच. नावात सीझर असला तरी तो रोमन नाही. त्याची तटबंदी टेकडीच्या कडेकडेने ओकच्या पानासारखी वळत जाते, पण साध्या उपग्रहचित्रात बराचसा भाग झाडांचे शेंडेच व्यापतात. लायडार तंत्रात विमानातून लेझरचे झोत सोडतात. त्यांतले काही फांद्यांच्या फटींतून जमिनीपर्यंत पोचून परततात. झाडांवरून आलेली उत्तरे वजा केली की तट आणि खंदक उघडे पडतात. इंग्लंडमधली ही मोजणी तिथल्या पर्यावरण संस्थेने सर्वांसाठी मोफत ठेवली आहे.

सुरक्षेचा मुद्दा उरतो. मोकळ्या चित्रांमुळे शत्रूचे फावते, असे म्हटले जाते. काही ठिकाणे झाकणे रास्तही आहे. पण माहिती नसली की अफवा ती जागा भरून काढते. २०११मध्ये गोबी वाळवंटातल्या आखीव रेषांविषयी जगभर तर्क लढवले गेले. त्यांतल्या काही रेषा उपग्रहांचे कॅमेरे जुळवण्याच्या खुणा असाव्यात, हे जाणकारांचे स्पष्टीकरण त्या गदारोळात मागे पडले. क्राउथर्नचा उलगडा सहज होतो, कारण संस्थेचे नाव, काम आणि जुने नकाशे सगळे जाहीर आहे. आपल्याकडे भारतीय सर्वेक्षण विभागाने २०१७मध्ये आपले स्थलदर्शक नकाशे ऑनलाइन उपलब्ध केले, हे चांगलेच झाले. पण एखाद्या गावाबाहेरची पडकी वास्तू पाटबंधारे खात्याची वसाहत होती, की बंद पडलेली सूतगिरणी, याचे उत्तर ग्रामपंचायतीच्या दप्तरात आणि तिथल्या म्हाताऱ्या माणसांकडे असते. ती दप्तरे वाळवीने खाण्याआधी स्कॅन करून नकाशाला जोडायला हवीत आणि त्या माणसांकडून नोंदी आजच करून घ्यायला हव्यात.