मिनेसोटाचं विधानभवन आणि स्वीडिश पाथरवट

अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्याचं विधानभवन सेंट पॉल शहरात टेकाडावर उभं आहे. बांधकाम १८९६ ते १९०५ असं चाललं. वास्तुकार कॅस गिल्बर्ट. बाहेरून पांढराशुभ्र संगमरवर आणि २२३ फूट उंचीचा घुमट. नजर आधी घुमटावरच जाते, पण इमारत समजून घ्यायची तर पायऱ्यांच्या ग्रॅनाइटपासून सुरुवात केलेली बरी. हा दगड सेंट क्लाउड भागातला, म्हणजे मिनेसोटाचाच. तिथल्या खाणींत आणि घडाईच्या शेडांत स्कॉटिश, जर्मन यांच्याबरोबर स्वीडिश पाथरवटही होते.

१८६०च्या दशकाअखेर स्वीडनमध्ये पिकं बुडाली आणि माणसं लोंढ्यानं अमेरिकेकडे निघाली. बहुतेक शेतकरी आणि शेतमजूर. पण पश्चिम किनाऱ्यावरच्या बोहुसलेनमध्ये ग्रॅनाइटच्या खाणी होत्या. तिथल्या माणसाचं कसब परदेशातही विकलं जाई. भाषा आली नाही तरी दगड सगळीकडे सारखाच फुटतो.

तो फोडतात कसा? ताकदीनं तर नाहीच. ग्रॅनाइटमध्ये कण ज्या दिशेनं बसलेले असतात, त्या दिशेला तो सहज फाटतो. आडवा घेतला तर हट्टाला पेटतो. जुना पाथरवट दगडावर हात फिरवून, उजेडात तिरका पाहून ही दिशा ओळखतो. मग त्या रेषेवर थोड्या थोड्या अंतरानं भोकं पाडायची: एकानं पोलादी सळई धरून प्रत्येक घावानंतर थोडी फिरवायची, दुसऱ्यानं घण घालायचा. प्रत्येक भोकात दोन अर्धगोल पट्ट्या आणि त्यांच्यामध्ये एक पाचर. आता या टोकापासून त्या टोकापर्यंत प्रत्येक पाचरेला एक हलका ठोका, आणि पुन्हा पहिल्यापासून. पाचर आवळत जाते तसा तिचा आवाज चढत जातो. सगळ्या एका सुरात वाजू लागल्या की थांबायचं, दगडाला वेळ द्यायचा. एकाच पाचरेवर जोर काढला तर चीर रेषा सोडून भलतीकडे पळते आणि दिवसाची मजुरी पाण्यात.

पुढची पायरी घडाईची. ओबडधोबड तोंड सपाट करायला आधी एक कड सरळ काढतात, मग समोरची. दोन्ही कडांवर एकेक सरळ पट्टी उभी ठेवून पाथरवट एक डोळा मिटून एकीवरून दुसरी पाहतो. पट्ट्यांच्या वरच्या धारा जुळल्या तर दगडात पीळ नाही. मग मधला उंचवटा टाकीनं उतरवायचा आणि शेवटी दातेरी हातोड्यानं तोंड बारीक टिपायचं.

असा टनाटनाचा दगड उचलायची युक्ती मला या सगळ्यात सर्वांत आवडते. दगडाच्या माथ्यावर तोंडाशी अरुंद आणि तळाशी रुंद अशी खाच करतात. तिच्यात लोखंडाचे दोन तिरके तुकडे आधी सोडतात, मधला सरळ तुकडा शेवटी. वरून साखळी ओढली की तुकडे खाचेत रुततात. दगड जितका जड, तितकी पकड घट्ट.

आता संगमरवराकडे. तो जॉर्जियातून आला आणि त्यावरून मोठं रण माजलं. घरचा दगड सोडून परराज्याला पैसे का द्यायचे? त्यातून जॉर्जिया यादवी युद्धात दक्षिणेच्या बाजूचं, आणि उत्तरेकडून लढलेले माजी सैनिक अजून हयात होते. तोड निघाली ती अशी: पायऱ्या आणि खालचा भाग मिनेसोटाच्या ग्रॅनाइटचा, आणि संगमरवर आणायचा तो कच्च्या ठोकळ्यांत, घडाई सेंट पॉलमध्येच. बटलर-रायन कंपनीनं इमारतीजवळच कारखाना थाटला. गिल्बर्टला पांढरा दगड मिळाला, मजुरी गावात राहिली. माझ्या मते या इमारतीतला सर्वांत शहाणा निर्णय हाच.

आतल्या दगडांत केटल नदीकाठचा वालुकाश्मही आहे. तिथल्या सँडस्टोन गावात स्वीडिश खाणकामगारांची मोठी वस्ती होती. १ सप्टेंबर १८९४च्या वणव्यात गाव जळून खाक झालं. पुष्कळजण वाचले ते नदीच्या पाण्यात उभं राहून. खाण पुन्हा सुरू झाली.

वणव्याइतकीच खाणीतल्या धुळीचीही गोष्ट सांगायला हवी. ग्रॅनाइट आणि वालुकाश्मात गारेचे, म्हणजे गारगोटीचे, कण असतात. ती धूळ वर्षानुवर्षं छातीत गेली की फुप्फुसं कठीण होतात. संगमरवरात गार जवळजवळ नसते, म्हणून त्यावर काम करणारा त्या मानानं सुरक्षित. हवेच्या दाबावर चालणारी हत्यारं शेडमध्ये आली तसं काम झपाट्यानं होऊ लागलं आणि धूळही वाढली.

१९०५च्या जानेवारीत नव्या इमारतीतला पहिला गव्हर्नर कारभार पाहू लागला. जॉन जॉन्सन त्याचं नाव, स्वीडिश लोहाराचा मुलगा. त्याच्या काही वर्षं आधी, १८९९ मध्ये, बांधकाम चालू असताना, स्वीडनमध्येच जन्मलेला जॉन लिंड त्या पदावर आला होता.

संगमरवर शेवटी चुनखडीच्याच कुळातला. पाऊस आणि थंडीनं त्याची नक्षी झिजली, कोपरे गळू लागले. २०१३ ते २०१७ या काळात सुमारे ३१ कोटी डॉलर खर्चून इमारतीची दुरुस्ती झाली, तेव्हा हजारो तुकडे बदलावे लागले. त्यासाठीचा दगड पुन्हा जॉर्जियातूनच आणला.