माल निघाला परदेशी (लेखांक ५) : ‘हा माल चढणार नाही’

मागच्या आठवड्यात आपण न्हावा शेवाच्या बंदरात होतो. आज दिल्लीला जाऊ. जगाच्या व्यापारात विमानानं जाणाऱ्या मालाचं प्रमाण एक टक्क्याहूनही कमी आहे, पण किमतीच्या हिशेबानं त्याचा वाटा सुमारे ३५ टक्के भरतो. म्हणजे विमानात चढतं ते महाग, नाजूक किंवा घाईचं. नोएडाचे मोबाइल, गुरुग्रामचे तयार कपडे, मानेसरचे वाहनांचे सुटे भाग, हिमाचलातल्या बद्दीची औषधं अशी खोकी ट्रकांतून इंदिरा गांधी विमानतळाच्या कार्गो टर्मिनलवर येतात. महिपालपूर, रंगपुरी, कापसहेडा या भागांत फ्रेट फॉरवर्डरांची (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्यांची) आणि कस्टम्स ब्रोकरांची ऑफिसं आहेत. या धंद्याची खरी शाळा तिथंच भरते.

या शाळेत काय शिकायचं? माझं मत स्पष्ट आहे. माल कसा पाठवायचा हे चार महिन्यांत येतं. कोणता माल थांबवायचा, हे कळायला लागलं की माणूस तयार झाला म्हणायचं.

सुरुवात एअर वेबिलपासून, म्हणजे विमानानं जाणाऱ्या मालाच्या वाहतूक-पावतीपासून होते. त्यावरचा क्रमांक ११ अंकी असतो. पहिले तीन अंक विमान कंपनीचे. ०९८ दिसलं की एअर इंडिया. पुढच्या आठांपैकी शेवटचा अंक तपासणीचा असतो. आधीच्या सात अंकांच्या संख्येला सातनं भागायचं, जी बाकी उरेल तोच आठवा अंक. १२३४५६७ ला सातनं भागा, बाकी पाच उरते. म्हणून क्रमांक होतो ०९८-१२३४५६७५. टायपिंगमध्ये एखादा अंक चुकला तर तो बहुतेक वेळा इथंच सापडतो. नवख्या मुलानं पहिल्या आठवड्यात हे हाताशी बसवावं.

मग वजन. ६० बाय ५० बाय ४० सेंटिमीटरचं कपड्यांचं खोकं काट्यावर १२ किलो भरतं. पण लांबी, रुंदी, उंचीचा गुणाकार करून ६००० नं भागलं की येतात २० किलो, आणि भाडं लागतं या २० किलोंचं. गुरुग्रामच्या निर्यातदाराला हे आधी सांगितलं नाही, तर बिल हातात पडल्यावर भांडण ठरलेलं.

आता मुख्य गोष्ट, धोकादायक माल. त्याचे नऊ वर्ग आहेत आणि ‘आयाटा’ या विमान कंपन्यांच्या जागतिक संघटनेच्या नियमांचं जाड पुस्तक दरवर्षी नवं निघतं. आपल्याकडे २००३ मध्ये स्वतंत्र नियमही झाले. हा माल हाताळण्याचं प्रशिक्षण दर २४ महिन्यांनी पुन्हा घ्यावं लागतं. एवढी कडक शिस्त का, याचं उत्तर ११ मे १९९६ च्या अपघातात आहे. अमेरिकेत मायामीहून निघालेलं व्हॅल्यूजेटचं विमान काही मिनिटांत फ्लोरिडाच्या दलदलीत कोसळलं, ११० माणसं गेली. पोटातल्या मालात रासायनिक ऑक्सिजन जनरेटर होते आणि कागदावर ते रिकामे असल्याचं लिहिलेलं होतं. कागद लिहिणारा, खोकं बांधणारा, माल स्वीकारणारा यांपैकी एकानं जरी हात आडवा घातला असता, तर विमान सुखरूप पोचलं असतं. मला वाटतं, प्रशिक्षणाच्या पहिल्याच तासाला ही हकीकत सांगायला हवी.

दिल्लीत हा धोका साध्या शब्दांआड दडून येतो. ‘ऑटो पार्ट्स’ म्हटलं की त्यात एअरबॅग असू शकते, बॅटरी असू शकते, टाकीत राहिलेलं पेट्रोल असू शकतं. ‘घरगुती सामान’मध्ये रंगाचे डबे निघतात. सुट्या लिथियम-आयन बॅटऱ्यांना (यूएन ३४८०) एप्रिल २०१६ पासून प्रवासी विमानात मज्जाव आहे. त्याच बॅटऱ्या उपकरणासोबत असल्या की क्रमांक होतो ३४८१ आणि नियम बदलतात. काउंटरवरच्या मुलानं विचारायला हवं : नेमके कोणते पार्ट्स? पॅकिंग लिस्ट दाखवा. समोरचा घाईत असतो, विमान रात्री दोनचं असतं, साहेबांचा फोन येतो. तरी विचारायचं. उत्तर मिळालं नाही, तर माल बाजूला काढायचा.

आयातीकडे धोका वेगळा, तिथं मुख्यतः पैसा आणि वेळ जातो. फुकट साठवणुकीची मुदत संपली की डेमरेज (उशिराचं भाडं) चढू लागतं. लाकडी पेटीवर आयएसपीएम-१५ चा (लाकूड कीडमुक्त केल्याचा) शिक्का नसेल तर वनस्पती संगरोध विभाग अडवतो, औषध असेल तर औषध नियंत्रकाची परवानगी लागते. २०२० पासून बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सला द्यायच्या कागदाची, तपासणी फेसलेस झाली. दिल्लीत उतरलेल्या मालाचे कागद दुसऱ्याच शहरातला अधिकारी पाहू शकतो. पूर्वी न्यू कस्टम हाउसमध्ये ओळखीपाळखीवर, समजावून सांगून निभायचं. आता मालाचं वर्णन आणि एचएस कोड (मालाच्या वर्गवारीचा क्रमांक) यांनीच बोलायचं. त्यामुळे मालाची नीट जाण असलेल्या मुलाची किंमत वाढली आहे, आणि हे मला फार चांगलं लक्षण वाटतं.

वाट कशी धरायची? बारावीनंतर कस्टम्स ब्रोकरकडे काम धरता येतं. परीक्षा देऊन जी कार्ड, म्हणजे ब्रोकरच्या वतीनं कस्टम्समध्ये काम करण्याचं ओळखपत्र, मिळतं. पदवी आणि जी कार्डावरचा दोन वर्षांचा अनुभव असला की ब्रोकरच्या परवान्याच्या मोठ्या परीक्षेला बसता येतं; तिची तयारी कस्टम्स कायदा, १९६२ उघडूनच करायची. आयाटा आणि फियाटा (फ्रेट फॉरवर्डरांची जागतिक संघटना) यांचे अभ्यासक्रम उपयोगी आहेत, पण रात्रपाळीत पॅलेटवर जाळी ताणणाऱ्या लोडरशेजारी उभं राहिल्याशिवाय त्यातलं निम्मं डोक्यात शिरत नाही.

नाशिक, सांगली, नांदेडकडून दिल्लीला जाणाऱ्या मुलांना एक कळकळीचं सांगणं. ‘विमानतळावर नोकरीची हमी’ देऊन आधी पैसे मागणाऱ्या संस्थांपासून दूर राहा. विमानतळाच्या आत जाण्याचा पास नोकरी देणारी कंपनी मागते आणि पोलीस पडताळणीनंतर तो मिळतो. कोणतीही क्लासवाली संस्था तो विकू शकत नाही. फी भरण्याआधी तीन गोष्टी विचारा : धोकादायक मालाच्या प्रशिक्षणाला डीजीसीएची (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची) मान्यता आहे का, शिकवणाऱ्यानं स्वतः किती वर्षं टर्मिनलवर काम केलं आहे, आणि गेल्या वर्षीची मुलं कोणत्या ब्रोकरकडे लागली आहेत. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर मिळालं की त्या ब्रोकरला फोन करून खात्री करा.