जाहिरात निघण्याआधीच तयारी हवी

अचानक चालून आलेली संधी म्हटलं की आपण नशिबाचं नाव घेतो. आंबेडकरी तरुणांनी ही सवय मोडावी, असं आम्हाला वाटतं. त्यासाठी बाबासाहेबांचं १९१३ हे वर्ष पाहू.

त्या जानेवारीत ते बडोदा संस्थानात नोकरीला लागले. काही दिवसांतच वडिलांच्या आजारपणामुळे मुंबईला परतावं लागलं, आणि २ फेब्रुवारीला रामजीबाबा गेले. घरची जबाबदारी अंगावर आणि नोकरी सुटलेली. त्याच सुमारास सयाजीराव महाराज काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत पाठवणार असल्याचं कळलं. बाबासाहेबांनी अर्ज केला. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं, आणि परतल्यावर दहा वर्षं बडोद्याची नोकरी असा करार झाला. जुलैमध्ये ते न्यूयॉर्कला पोहोचले. संधी अनपेक्षित होती हे खरं, पण ती आली तेव्हा बी.ए. पूर्ण झालेलं होतं. पदवी हातात नसती तर हा अर्जच करता आला नसता.

पुढचा भाग आम्हाला अधिक महत्त्वाचा वाटतो. कोलंबियात त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र. तरीही ते इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान, मानववंशशास्त्राच्या वर्गांना बसले. ९ मे १९१६ रोजी गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात त्यांनी भारतातील जातींवर निबंध वाचला. आज जगभर अभ्यासला जाणारा हा निबंध मुख्य विषयाच्या बाहेरच्या वर्गातून आला. ‘हा विषय परीक्षेला नाही’ म्हणून पुस्तक मिटणाऱ्या आपल्या मुलामुलींना हे सांगायला हवं.

आता आपल्या बुलढाण्याकडे येऊ. लोणार तालुक्यातल्या पिंप्री खंदारे गावचे राजू केंद्रे हे भटक्या जमातीतल्या शेतकरी कुटुंबातले, शिकणारी पहिली पिढी. स्पर्धा परीक्षेचं स्वप्न घेऊन ते पुण्याला गेले. आपल्याकडची निम्मी पोरं जातात तसेच. शहरात टिकणं जमलं नाही, म्हणून यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठातून पदवीचं शिक्षण सुरू ठेवलं. त्या काळात मेळघाटात काम केलं, पुढे टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत शिकले, यवतमाळ जिल्ह्यात मुख्यमंत्री ग्रामविकास फेलो झाले. २०१७ मध्ये त्यांनी ‘एकलव्य’ सुरू केलं. पहिल्या पिढीच्या विद्यार्थ्यांना नामांकित संस्थांपर्यंत नेण्याचं काम ते करतात. २०२१ मध्ये ब्रिटिश सरकारची चेव्हनिंग शिष्यवृत्ती मिळवून ते लंडनच्या सोआसमध्ये शिकायला गेले. पुण्यात जे हुकलं त्याचं दुःख करत ते बसले असते, तर मेळघाट घडलं नसतं आणि पुढचंही नाही.

या चेव्हनिंगची एक अट कार्यकर्त्यांनी नीट समजून घ्यावी. तिला दोन वर्षांचा, म्हणजे २,८०० तासांचा कामाचा अनुभव लागतो, पण तो पगारी नोकरीचाच हवा असं नाही. स्वयंसेवी कामही धरलं जातं. विहारातली अभ्यासिका चालवणं, वस्तीतल्या मुलांची शिकवणी, संस्थेसाठी केलेलं सर्वेक्षण हे सारं अनुभवात बसू शकतं. अडचण एवढीच की आपण त्याची नोंद ठेवत नाही. वही घाला, तारखा आणि तास लिहा, संस्थेकडून पत्र घेऊन ठेवा. आपली पोरं वर्षानुवर्षं राबतात आणि अर्जात ‘अनुभव: नाही’ असं लिहितात, याची आम्हाला चीड येते.

दुसरी वाट राज्य सरकारची. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीत अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी ७५ जागा आहेत. शिक्षण शुल्क, निर्वाह भत्ता आणि विमानभाडं मिळतं. उत्पन्न, वय, विद्यापीठाचं मानांकन यांच्या अटी बदलत असतात, त्यामुळे त्या त्या वर्षीची जाहिरातच वाचावी, व्हॉट्सॲपवरचा जुना फोटो नव्हे. मात्र परदेशी विद्यापीठाचा प्रवेश आधी मिळवावा लागतो. म्हणजे जाहिरात पाहून जागं होणाऱ्याला उशीर झालेला असतो.

केंद्र सरकारचीही राष्ट्रीय परदेश शिष्यवृत्ती आहे. पण २०२२ मध्ये तिच्यातून भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारताविषयीचा सामाजिक अभ्यास हे विषय वगळले गेले. जातीवर किंवा बौद्ध वारशावर संशोधन करू पाहणाऱ्याने हे ध्यानात ठेवूनच वाट निवडावी. त्या निर्णयाविरुद्ध बोलत राहणंही आपलंच काम आहे.

कागदपत्रांचं काय? जातीचा दाखला, जात वैधता, उत्पन्नाचा दाखला, अधिवास, पासपोर्ट. बौद्धांसाठी यात एक खास गुंता आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर केंद्राच्या सवलती बौद्धांना लागू झाल्या, तरी दाखल्याचा कोणता नमुना केंद्राला चालतो आणि कोणता राज्याला, हे न पाहिल्यामुळे ऐनवेळी तहसीलच्या खेपा सुरू होतात. मेहकर किंवा सिंदखेडराजाच्या खेड्यातून आलेल्या मुलीसाठी प्रत्येक खेप म्हणजे घरातली एक मजुरी बुडणं. हे दाखले बारावीच्या सुट्टीतच काढून घ्यावेत. तालुक्यातल्या दोन-तीन कार्यकर्त्यांनी मिळून ही जबाबदारी उचलली, तर एका उन्हाळ्यात वस्तीतल्या सगळ्या मुलामुलींच्या फायली तयार होतील. त्यासाठी निधी लागत नाही. विहारातलं एक कपाट आणि रविवारच्या वंदनेनंतरचा तासभर पुरे.