सामूहिक आज्ञावली-लेखनात मोकळ्या जागेचे महत्त्व

प्रस्तावना :

मोडी लिपीत शब्द तोडून लिहिण्याचा प्रघात नव्हता. ‘मीनाहीजाणार’ असा मजकूर समोर आला, तर तो ‘मी नाही जाणार’ असा वाचायचा की ‘मीनाही जाणार’ असा, हे वाचणाऱ्याने संदर्भावरून ठरवायचे. उर्दूत अलिफ, दाल, रे, वाव ही अक्षरे पुढच्या अक्षराला जोडली जात नाहीत. त्यामुळे त्यांच्यानंतर जागा सोडली नाही तरी डोळ्यांना शब्द सुटे दिसतात. संगणकाला मात्र दोन शब्दांचा एकच शब्द वाटतो. मराठी, कन्नड आणि उर्दू शेजारी नांदणाऱ्या बिदर जिल्ह्यातील मेहकरसारख्या गावच्या विद्यार्थ्यांना हे समजणे अवघड नाही. संगणकाची आज्ञावली अनेकांनी मिळून लिहिताना हाच प्रश्न अधिक गंभीर रूपाने उभा राहतो. त्याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

मोकळ्या जागेचे प्रकार :

पडद्यावर सारखी दिसणारी जागा आतून सारखी नसते. ‘स्पेस’ हे एक चिन्ह, ‘टॅब’ हे दुसरे. ओळ संपल्याची खूणही वेगवेगळी असते : विंडोजमध्ये ती दोन चिन्हांची, तर लिनक्समध्ये एका चिन्हाची. काही ठिकाणी या जागेलाच अर्थ असतो. १९७६ साली बेल प्रयोगशाळेत तयार झालेल्या ‘मेक’ या साधनात आज्ञेच्या ओळीपूर्वी टॅबच लागतो. स्पेस दिल्यास काम अडते. १९९१ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन भाषेत कोणती ओळ कोणत्या अटीखाली येते, हे डावीकडील जागेवरून ठरते.

इतर अनेक भाषांत संगणक या जागेकडे दुर्लक्ष करतो, पण माणूस तिच्यावर विश्वास ठेवतो. ॲपल कंपनीच्या आज्ञावलीत एक ओळ चुकून दोनदा आली होती. दुसरी ओळही पहिलीइतकीच आत सरकवलेली असल्याने ती अटीखालीच आहे असे वाटे. प्रत्यक्षात ती प्रत्येक वेळी अमलात येई आणि सुरक्षेची तपासणी अर्धवट राही. हा दोष २०१४ साली उघडकीस आला.

सामूहिक कामातील अडचण :

२००५ साली लिनस टोरवाल्ड्स यांनी तयार केलेली ‘गिट’ ही प्रणाली कोणी, केव्हा, कोणती ओळ बदलली याची नोंद ठेवते. एखाद्याने एका ओळीची दुरुस्ती करताना संपूर्ण फाईलमधील टॅबचे स्पेस केले, तर शेकडो ओळी बदललेल्या दिसतात. खरी दुरुस्ती त्या गर्दीत हरवते आणि तपासणाऱ्याच्या नजरेतून चूक निसटते. शिवाय मूळ लेखकाच्या जागी जागा नीट करणाऱ्याचे नाव लागते. म्हणजे श्रेय आणि जबाबदारी दोन्ही चुकीच्या माणसाकडे जातात.

उपाय :

१) नियम आधीच ठरवावा. पायथनच्या संकेतानुसार चार स्पेस वापरतात, तर लिनक्सच्या गाभ्यात आठ घरांचा टॅब. कोणता नियम चांगला यापेक्षा सर्वांचा नियम एक असणे महत्त्वाचे.
२) नियम पाळण्याचे काम यंत्राकडे द्यावे. २००९ साली जाहीर झालेल्या गो भाषेसोबतच ‘गोफम्ट’ हे मांडणीचे साधन आल्याने तेथे वादाला फारशी जागा उरली नाही. ‘एडिटरकॉन्फिग’ची एक छोटी फाईल अनेक संपादकांना नियम सांगते.
३) मांडणीतील बदल आणि अर्थातील बदल वेगवेगळे नोंदवावेत. केवळ मांडणीच्या नोंदी वगळून मूळ लेखक शोधण्याची सोय गिटमध्ये २०१९ पासून आहे.

मराठी व उर्दू मजकुराची विशेष काळजी :

‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरामधील खोलगट भाग. युनिकोडमध्ये ‘दऱ्या’तील अर्धा ‘र’ दोन प्रकारे लिहिता येतो. त्यांपैकी एका प्रकारात न दिसणारे जोडचिन्ह असते. फाईल ‘स्वच्छ’ करणाऱ्या साधनाने ते काढून टाकले, तर दऱ्यांचा दर्या होतो! दोन्ही प्रकार मिसळले तर शोध घेताना शब्द सापडत नाही. म्हणून मराठी मजकुरासाठी एकच प्रकार ठरवावा.

उर्दूसारख्या उजवीकडून डावीकडे जाणाऱ्या लिपीसाठी दिशा सांगणारी अदृश्य चिन्हे असतात. ती आज्ञावलीत पेरल्यास वाचणाऱ्याला एक क्रम दिसतो आणि यंत्र दुसराच क्रम वाचते, हे केंब्रिज विद्यापीठाच्या निकोलस बाउचर व रॉस अँडरसन यांनी २०२१ साली दाखवून दिले. त्यावर सरसकट बंदी घातली तर उर्दू मजकुराची गैरसोय होते. आज्ञावलीत अशी चिन्हे तपासावीत आणि अनुवादाच्या मजकुरात ती जपावीत, हाच योग्य मार्ग होय.

समारोप :

पडद्यावर न दिसणारे चिन्हही मजकुराचा भाग असते. कोणते चिन्ह निरर्थक आणि कोणते अर्थवाहक, हे यंत्राला आपोआप कळत नाही. ते त्या भाषेच्या जाणकारानेच सांगावे लागते. मराठी आणि उर्दू जाणणाऱ्या विद्यार्थ्याचे संगणक-क्षेत्रातील स्थान म्हणूनच केवळ अनुवादकाचे नाही. नियम ठरविण्याच्या बैठकीतही त्याची गरज आहे.